बोल आणि बोध : बालभाषेच्या शोधाची कहाणी

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या कार्यालयात प्रवेशाच्या दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. घरात मराठी, शेजारीपाजारी हिंदी, गुजराती किंवा कन्नड, आणि पुढे इंग्रजी; एवढ्या भाषांच्या गर्दीत लहानग्या जिवाची बुद्धी गोंधळून तर जाणार नाही ना? प्रश्न विचारणाऱ्या पालकाच्या स्वरात काळजी असते आणि ती खरी असते. विद्यालय साठ वर्षांचे होत असताना या प्रश्नाकडे जरा निवांतपणे पाहणे उचित ठरेल. कारण हा प्रश्न आजचा नाही. मूल भाषा कशी शिकते, आणि भाषेबरोबर त्याची बुद्धी वाढते की बुद्धीबरोबर भाषा, याचा शोध मनुष्यजात सुमारे अडीच हजार वर्षे घेत आली आहे. त्या शोधात राजे आहेत, तत्त्वज्ञ आहेत, आपल्या बाळाच्या पाळण्याशेजारी वही घेऊन बसलेले पिते आहेत आणि टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये आयुष्य घालवलेल्या दोन मराठी स्त्रियाही आहेत.

राजांचे प्रयोग आणि मीमांसकांची गाय

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इजिप्तचा राजा सामेटिकस याची कथा नोंदवली आहे. जगातील आद्य भाषा कोणती हे ठरवण्यासाठी या राजाने दोन तान्ही बालके एका मेंढपाळाच्या हवाली केली आणि त्यांच्यासमोर कोणी एक शब्दही उच्चारू नये अशी आज्ञा दिली. दोन वर्षांनंतर मुलांच्या तोंडून 'बेकोस' असा ध्वनी निघाला. फ्रिजियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाकरी असा होता, म्हणून फ्रिजियन ही सर्वांत प्राचीन भाषा असा निवाडा राजाने केला. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यामागील समजूत स्पष्ट आहे : भाषा ही मुलाच्या आत आधीच साठवलेली असते आणि कोणी न शिकवताही ती उमलते.

याच समजुतीची परीक्षा भारतात सम्राट अकबराने घेतली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फतेहपूरजवळ एक स्वतंत्र वास्तू उभारून तेथे काही नवजात बालकांना ठेवण्यात आले आणि त्यांच्या दाया मौन पाळतील अशी व्यवस्था केली गेली. अबुल फजल आणि बदायुनी या दोघाही इतिहासकारांनी याचा उल्लेख केला आहे. काही वर्षांनी सम्राटाने त्या मुलांना पाहिले तेव्हा एकही मूल बोलत नव्हते. लोकांनी त्या वास्तूला 'गुंग महल', म्हणजे मुक्यांचा महाल, असे नाव दिले. प्रयोग क्रूर होता, परंतु त्याचा धडा नि:संदिग्ध होता. कानावर शब्द पडला नाही तर ओठांवर शब्द येत नाही.

मग कानावर पडलेल्या शब्दाचा अर्थ मुलाला कळतो तरी कसा? या प्रश्नाचे विलक्षण उत्तर आपल्याकडील मीमांसकांनी दिले आणि ते देण्यासाठी त्यांनी कोणत्याही बालकाला कोंडले नाही. त्यांचा दृष्टान्त असा. घरातील एक ज्येष्ठ मनुष्य दुसऱ्याला सांगतो, गाय आण. तो गाय आणतो. जवळ बसलेले लहान मूल हे पाहते. पुढे तोच मनुष्य म्हणतो, गाय बांध. आणि नंतर म्हणतो, घोडा आण. एक शब्द बदलला की कृतीचा एक भाग बदलतो, दुसरा शब्द बदलला की दुसरा भाग बदलतो, हे मूल टिपत राहते आणि शब्दाची घालघाल व काढकाढ पाहता पाहता 'गाय' म्हणजे काय आणि 'आण' म्हणजे काय हे त्याला उमगते. या प्रक्रियेला त्यांनी 'आवाप' आणि 'उद्वाप' अशी नावे दिली आणि एकूण मार्गाला 'वृद्धव्यवहार' म्हटले. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल आणि प्रभाकर यांच्या परंपरांत यावरून मोठा वाद रंगला. मूल सुटे शब्द शिकून त्यांचे वाक्य बांधते, की मुळात पूर्ण वाक्यच त्याच्या कानी येते आणि शब्दांचा अर्थ वाक्यातील संबंधासहितच त्याला कळतो? प्रभाकरांच्या अनुयायांचा कौल दुसऱ्या बाजूला होता. आजही बालवाडीत सुटे शब्द घोकून घ्यावेत की गोष्टी आणि संभाषणातून भाषा येऊ द्यावी, असा विचार जेव्हा होतो तेव्हा त्या जुन्या वादाचाच पुढला अध्याय लिहिला जात असतो.

वहीतले बाळ

युरोपात एकोणिसाव्या शतकात या शोधाला निरीक्षणाची शिस्त लाभली. चार्ल्स डार्विन यांच्या पहिल्या मुलाचा, विल्यमचा, जन्म १८३९ च्या डिसेंबरात झाला. गांडुळापासून ऑर्किडपर्यंत सगळ्याच सजीवांकडे कुतूहलाने पाहणाऱ्या या पित्याने आपल्या बाळाचेही तितक्याच बारकाईने टिपण ठेवले. ते १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विल्यम बरोबर एक वर्षाचा असताना त्याने खाऊसाठी 'मम्' हा शब्द स्वत: घडवला, अशी त्यात नोंद आहे. मराठी घरातला 'मंमं' आठवला की इंग्लंडमधले ते बाळ एकदम आपलेसे वाटू लागते. ओठ मिटून निघणारा 'म' जगातल्या असंख्य बाळांच्या पहिल्या बोलांत असतो, कारण तो उच्चारायला सोपा असतो. परंतु डार्विन यांना महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. हा शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधीपासून बाळाला इतरांचे शब्द, स्वर आणि हावभाव समजत होते. समज पुढे चालते, बोलणे मागून येते, हा प्रत्येक आईचा अनुभव शास्त्राच्या पानावर उतरला.

१८८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म प्रायर यांचा बालमनावरील ग्रंथ आला. त्यानंतर क्लारा आणि विल्यम स्टर्न या दांपत्याने आपल्या तीन अपत्यांच्या वाढीच्या रोजनिशा वर्षानुवर्षे लिहून १९०७ मध्ये बालभाषेवर पुस्तक सिद्ध केले. अशा कामात मातेचा वाटा किती मोठा असतो, हे त्या पुस्तकावरील क्लारा यांच्या नावामुळे अधोरेखित झाले.

दोन समवयस्क

१८९६ हे वर्ष बालमानसशास्त्राच्या इतिहासात संस्मरणीय आहे. त्या एकाच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ज्याँ पियाजे आणि रशियन साम्राज्यात लेव विगोत्स्की जन्माला आले. दोघांची भेट कधी झाली नाही. परंतु भाषा आणि विचार यांच्या नात्याविषयी आज जे काही बोलले जाते त्यातील बरेचसे या दोघांच्या संवादातून निर्माण झाले आहे.

तरुण पियाजे पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या कसोट्या प्रमाणित करण्याचे काम करीत होते. किती उत्तरे बरोबर आली हे मोजणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित होते. त्यांचे लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांनी वेधून घेतले. एका वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात, म्हणजे त्या चुकांमागे काही तर्क असला पाहिजे, असे त्यांना जाणवले. १९२१ मध्ये ते जिनीव्हाच्या रूसो संस्थेत आले आणि तेथील बालशाळेत सहा वर्षांच्या दोन मुलांचे सुमारे महिनाभराचे सारे बोलणे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपून काढले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच मुलाची भाषा आणि विचार हा होता. लहान मूल पुष्कळदा कोणाला उद्देशून बोलत नाही. ते स्वत:शीच, स्वत:च्या खेळाभोवती बोलते, असे त्यांना आढळले. या बोलण्याला त्यांनी 'आत्मकेंद्री भाषण' म्हटले. ऐकणाऱ्याची जागा घेऊन पाहण्याची शक्ती मुलात अजून आलेली नसते, म्हणून ते असे बोलते. ती शक्ती आली की हे बोलणे विरून जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पियाजे यांच्या मते विचाराची मुळे शब्दात नसून कृतीत असतात. मूल आधी वस्तू हाताळते, फेकते, शोधते. दीड-दोन वर्षांच्या सुमारास त्याच्यात एक नवी शक्ती जागी होते : समोर नसलेल्या गोष्टीचे प्रतीक मनात धरण्याची. त्यांची मुलगी झाकलीन सोळा महिन्यांची असताना तिने एका मुलाला पाय आपटून आकांडतांडव करताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वत: तसेच हुबेहूब करून दाखवले. कालचे आज करणे, काठीचा घोडा करणे, रेघोट्यांना 'ही आजी' म्हणणे आणि शब्द वापरणे ही सारी एकाच शक्तीची रूपे होत. भाषा ही तिची एक शाखा आहे, खोड नव्हे.

मराठी नातेशब्दांवरून हे सहज समजते. तीन वर्षांचे मूल 'आत्या' आणि 'मावशी' हे शब्द सफाईने वापरते, पण ती त्या दोन स्त्रियांची नावे असल्यासारखे. आत्या म्हणजे बाबांची बहीण, म्हणून आपली आत्या ही बाबांची 'आत्या' नव्हे, हे उमगायला काही वर्षे जावी लागतात. पियाजे यांनी मुलांना असेच विचारले होते : तुला भाऊ आहे का? आणि तुझ्या भावाला भाऊ आहे का? पहिल्या प्रश्नाला होकार देणारी कितीतरी मुले दुसऱ्याला नकार देत. शब्द ओठांवर होता, परंतु नाते ही दोन्ही बाजूंनी पाहायची गोष्ट आहे हे मनाला अजून पेलत नव्हते. मराठीतील 'आम्ही' आणि 'आपण' यांचा भेदही असाच आहे. ऐकणारा आपल्यात आहे की नाही, याचे भान आल्याशिवाय तो नीट वापरता येत नाही.

विगोत्स्की यांनी पियाजे यांचे लेखन आदराने वाचले आणि नेमक्या मर्मावर बोट ठेवले. स्वत:शी बोलणाऱ्या मुलांच्या कामात त्यांनी मुद्दाम अडथळे आणले. चित्र काढायला बसलेल्या मुलाला हवी ती रंगीत पेन्सिल मिळू दिली नाही. तेव्हा मुलाचे स्वत:शी बोलणे वाढले. निळी पेन्सिल नाही, तर लाल वापरावी आणि पाण्याने ओली करावी, म्हणजे ती गडद होऊन निळ्यासारखी दिसेल, अशा अर्थाचे ते मूल पुटपुटत होते. विगोत्स्की म्हणाले, हे निरर्थक बोलणे नव्हे. हा विचारच आहे, फक्त अजून मोठ्याने चाललेला. माणसामाणसांतील संवादातून भाषा मुलाकडे येते, मग मूल ती स्वत:ला सूचना देण्यासाठी वापरते आणि हळूहळू ती आत जाऊन मूक विचार बनते. पियाजे यांना जे विरून जाताना दिसले, ते विगोत्स्कींच्या मते आत मुरत होते.

१९३४ च्या जूनमध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने विगोत्स्की यांचा अंत झाला. भाषा आणि विचार यांवरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. लवकरच सोव्हिएत राजवटीची या विद्येवर गैरमर्जी झाली आणि सुमारे वीस वर्षे तो अडगळीत पडला. १९५६ मध्ये तो पुन्हा छापला गेला आणि १९६२ मध्ये इंग्रजीत आला. त्या निमित्ताने पियाजे यांनी प्रतिक्रिया लिहिली आणि विगोत्स्कींच्या टीकेतील बराच भाग मान्य केला. कैलासवासी प्रतिपक्षाला अठ्ठावीस वर्षांनी दिलेली ही दाद विद्वत्तेला शोभणारी होती.

चुकांतले व्याकरण

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत निराळा वाद पेटला. बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये असे मांडले की अनुकरण, सराव आणि शाबासकी यांतून जशी कोणतीही सवय लागते तशीच भाषाही लागते. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी या ग्रंथाचे कठोर परीक्षण केले. मूल कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते. तेव्हा ते नक्कल करीत नसून नियम शोधत असते, आणि त्यासाठी लागणारी घडण त्याला जन्मत:च लाभलेली असते, असा त्यांचा पक्ष होता.

या वादात एका साध्या प्रयोगाने मोलाची भर घातली. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याला एक अर्थहीन नाव दिले आणि असे दोन प्राणी असतील तर काय म्हणाल, असे विचारले. मुलांनी त्या कधीच न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन अचूक केले. मराठी मुलाला 'टमोळा' नावाचा प्राणी दाखवला तर तेही दोन 'टमोळे' म्हणेल आणि 'टमोळी' असेल तर दोन 'टमोळ्या'. हा नियम त्याला कोणी शिकवलेला नसतो. मराठी घरात लहान मूल जेव्हा 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणते, तेव्हाही हेच घडत असते. 'करलं' हे रूप त्याने मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले नसते. 'धरलं', 'भरलं' यांच्या चालीवर त्याने ते स्वत: बांधलेले असते. मुलाच्या अशा चुकीत व्याकरणाचा शोध दडलेला असतो. आई आणि ताई यांच्याच सहवासात वाढणारा छोटा मुलगा 'मी जाते' म्हणतो तेव्हा घरात हशा पिकतो. पण त्याने ऐकलेल्या भाषेशी तो पूर्ण प्रामाणिक असतो.

हार्वर्डमधील रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या बोलण्याचा प्रदीर्घ अभ्यास करून १९७३ मध्ये ग्रंथ लिहिला. व्याकरणाचे घटक ही मुले बऱ्याच अंशी सारख्याच क्रमाने शिकली. त्यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली : पालक मुलांच्या व्याकरणाच्या चुका फारशा सुधारत नाहीत, ते बोलण्यातील खरे-खोटे सुधारतात. कुत्र्याला मांजर म्हटले की आई थांबवते. 'करलं' म्हटले की बहुधा कौतुकाने हसते. तरीही मूल पुढे अचूक बोलू लागते.

'त' आणि 'ट'

शब्दांच्या आधी ध्वनी असतात. १९७१ मध्ये पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अवघ्या एक महिन्याच्या बाळालाही 'प' आणि 'ब' यांतील सूक्ष्म भेद जाणवतो. या संशोधनातील पुढचा टप्पा भारतीय वाचकाला विशेष जवळचा वाटेल. कॅनडातील व्हँकूवर येथे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजीभाषक घरांतील बाळांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही आणि इंग्रजीभाषक प्रौढांना तो सहसा ओळखता येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो उत्तम ओळखता आला. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ही क्षमता मावळलेली होती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांत ती टिकून होती. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने सांगितले की बाळ जगातल्या सगळ्या भाषांसाठी कान उघडे ठेवून जन्माला येते आणि वर्षभरात आपल्या घरच्या ध्वनींशी त्यांची सांगड घालते.

मराठीचा 'ळ', 'ण', 'चमचा' आणि 'चिंच' यांतील दोन निराळे 'च' या साऱ्यांची बीजे शाळेच्या कितीतरी आधी रोवली जातात. हिंदीच्या परिसरात वाढणाऱ्या मुलाने घरात 'ळ' ऐकलाच नाही, तर त्याची 'शाळा' ही 'शाला' होते. पुढे सरावाने ते सुधारता येते. पण पाळण्याजवळ जे फुकट मिळते त्यासाठी नंतर कष्ट पडतात.

भाषेची रचना विचाराच्या वाटेवर कसे चढ-उतार निर्माण करते, याचे एक उदाहरण अंकांचे आहे. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक', एकवीस म्हणजे 'दोन-दहा-एक'. चिनी मुले दहानंतरचे अंक मोजायला अमेरिकन मुलांपेक्षा लवकर शिकतात, असे १९८० च्या दशकापासून केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मराठीत 'एकोणतीस' म्हणताना मुलाला तिसातून एक वजा करावा लागतो आणि लिहिताना दोनावर नऊ मांडावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन सुचवले गेले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वांना स्मरत असेल. बाजू कोणतीही घ्यावी, परंतु त्या वादाच्या मुळाशी भाषा आणि आकलन यांच्या नात्याचा हाच प्रश्न होता.

मानाग्वाची मुले

अकबराच्या गुंग महालाला विसाव्या शतकाने एक अनपेक्षित उत्तर दिले. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात १९७० च्या दशकापर्यंत कर्णबधिर मुले आपापल्या घरी एकाकी वाढत. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वा येथे त्यांच्यासाठी शाळा सुरू झाली. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते आणि त्यात फारसे यश येत नव्हते. दरम्यान शाळेच्या अंगणात आणि बसमध्ये मुलांनी आपल्या घरगुती खुणा एकमेकांना देता घेता एक नवी खूणभाषा घडवायला सुरुवात केली. मागून आलेल्या लहान मुलांनी तिला अधिक रेखीव व्याकरण दिले. एकेकट्या मुलाला जे साधले नव्हते ते मुलांच्या समुदायाला साधले. भाषेसाठी आतली घडण लागते हे खरे आणि सोबत लागते हेही खरे.

या कथेचा उत्तरभाग अधिक बोलका आहे. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या संशोधकांनी मुलांसाठी एक कसोटी तयार केली होती. तिचे मराठी रूप असे करता येईल : बंडूने लाडू डब्यात ठेवला आणि तो खेळायला गेला. आईने लाडू फडताळात हलवला. बंडू परत आला की लाडू कोठे शोधेल? तीन वर्षांचे मूल सहसा 'फडताळात' म्हणते, कारण त्याला स्वत:ला ठाऊक असलेले सगळ्यांनाच ठाऊक आहे असे ते धरून चालते. चार-पाच वर्षांचे मूल 'डब्यात' म्हणते. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी समजूत असू शकते हे त्याला कळू लागलेले असते. जेनी पायर्स आणि ॲन सेंगास यांनी मानाग्वातील खूणभाषकांना अशाच कसोट्या दिल्या. पहिल्या पिढीतील, आता प्रौढ झालेल्या व्यक्तींच्या भाषेत 'वाटणे', 'ठाऊक असणे' अशा मनोव्यापारांसाठीच्या खुणा तुटपुंज्या होत्या. आणि या कसोटीत त्या तरुण पिढीच्या मागे राहिल्या. पुढील दोन-तीन वर्षांत तरुणांच्या सहवासाने त्यांनी त्या खुणा आत्मसात केल्या आणि कसोटीतही त्यांची प्रगती झाली. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे मन जाणण्यासाठी मनाचे शब्द हाताशी असावे लागतात. मुलाला 'तिला काय वाटलं असेल?' असे विचारणारी आजी नकळत हेच शिक्षण देत असते.

दोन भाषांचे ओझे?

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तोही इतिहासात कधीच विचारला गेला आहे, आणि प्रारंभी त्याचे उत्तर चुकले होते. १९२३ मध्ये वेल्समधील सेअर यांच्या अभ्यासात ग्रामीण भागातील द्विभाषक मुले बुद्धिमापनात मागे दिसली आणि दोन भाषांनी बुद्धी शिणते असा समज पक्का होऊ लागला. मुलांची आर्थिक परिस्थिती, कसोटीची भाषा यांचा पुरेसा विचार त्या काळातील अशा अभ्यासांत होत नसे. १९६२ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची पाहणी करताना कौटुंबिक स्थितीचा हिशेब ठेवला. तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणारी मुले एकभाषक मुलांपेक्षा सरस ठरली. हा लाभ सर्वत्र आणि सारखाच मिळतो असे पुढील संशोधन म्हणत नाही. परंतु दोन भाषांनी बुद्धीची हानी होते ही भीती मात्र निराधार ठरली.

भारतातील पुरावा अधिक मोलाचा आहे. ओडिशातील फुलबनी भागात कोंध जमातीची काही मुले कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, तर त्याच जमातीची, सारख्याच परिस्थितीतली काही मुले केवळ ओडिया बोलतात. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी या दोन गटांची तुलना केली. घरची कुई राखून ओडिया शिकलेली मुले आकलनाच्या आणि भाषेकडे भाषा म्हणून पाहण्याच्या कसोट्यांत पुढे होती. घरची भाषा राखल्याने त्यांचे नुकसान झाले नाही. उलट लाभच झाला.

विगोत्स्की यांनी १९३४ मध्येच म्हटले होते की परभाषा मातृभाषेच्या आधाराने शिकली जाते आणि शिकता शिकता मातृभाषेकडेही नव्याने पाहायला लावते. युनेस्कोने १९५३ च्या अहवालात प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा पुरस्कार केला. भारतीय राज्यघटनेत १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५० अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवण्याचे कर्तव्य राज्यांना सांगतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांना या अनुच्छेदाचा आधार आहे.

कोसबाडची वाट

ही तत्त्वे आपल्या मातीत उतरवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्थान फार वरचे आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई तेथे सहकारी म्हणून दाखल झाल्या. मराठी स्त्रीने गुजरातेत जाऊन, गुजराती मुलांत राहून बालशिक्षणाचा पाया घातला, ही बृहन्महाराष्ट्राला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताईंसह वारली मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून अंगणवाडी जन्माला आली. शंख-शिंपले, पाने, बिया ही शिक्षणाची साधने झाली. मुलाच्या तोंडची बोली, त्याची गाणी, त्याचे अंगण हेच शिक्षणाचे पहिले पाठ्यपुस्तक, हे त्यांनी कृतीने दाखवले. पियाजे यांची कृती आणि विगोत्स्की यांची सोबत या दोहोंचा मेळ त्या टेकडीवर होता.

अडीच हजार वर्षांच्या या शोधाने पालकांच्या हाती काय दिले? मुलाची बुद्धी भाषांच्या संख्येने गोंधळत नाही; ती शब्दांच्या दुष्काळाने खुरटते. मोडकी परभाषा बोलून मुलाला पुढे नेता येत नाही. आपल्या भाषेत भरभरून बोलून नेता येते. ज्या भाषेत आजी रागावते, आई समजूत घालते, आत्या चिडवते आणि बाबा गोष्ट सांगतात, त्या भाषेतच 'कारण', 'म्हणून', 'जर' आणि 'तर' यांचे धागे पहिल्यांदा विणले जातात. ते घट्ट असले की पुढे हिंदी येवो, कन्नड येवो वा इंग्रजी, ती त्याच विणीवर चढते. चुकल्यावर टोकण्यापेक्षा नीट रूप सहज आपल्या बोलण्यातून पुन्हा ऐकवावे. मुलाच्या 'का?' ला उत्तर द्यावे. स्वत:शी पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प करू नये, कारण ते विचार करीत असते.

परप्रांतात मराठी शाळा चालवणे कधीच सोपे नव्हते आणि पटावरील संख्येची चिंता आज अनेक ठिकाणी आहे. परंतु मराठी शाळेचे प्रयोजन केवळ अस्मितेवर उभे नाही. मूल जी भाषा घेऊन दारात येते तिच्यातच त्याला विचार करू द्यावा, या अनुभवसिद्ध सत्यावर ते उभे आहे. साठ वर्षांत या अंगणातून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी जगाच्या अनेक भाषांत आपले काम केले आहे. त्यांच्या घरात आज जी नातवंडे बोबडे बोल बोलू लागली आहेत, त्यांच्या कानी मराठी पडते आहे ना, हे पाहणे आता त्यांच्या हाती आहे.